चलान म्हणजे निकाल नव्हे



आजचा विषय वरवर पाहता शहरातला आहे. पण तो आता गावच्या ओसरीवर येऊन बसला आहे. जुन्नरची भाजी, निफाडचा कांदा रात्री टेंपोत चढतो आणि पहाटे नव्या मुंबईत, वाशी-तुर्भ्याच्या बाजार समितीत उतरतो. गाळ्यावर माल उतरला, पट्टी हातात पडली, टेंपो गावी परतला. काही दिवसांनी मालकाच्या मोबाइलवर निरोप येतो की, अमुक क्रमांकाची गाडी अमुक जागी, मनाई असताना उभी केली होती. दंड रुपये पाचशे. मालक चक्रावतो. तिथे पाटी तर कुठेच दिसली नव्हती! आणि कधी कधी तर त्या दिवशी गाडी घाटाखाली उतरलेलीच नसते.

मग तो मोबाइल घेऊन शाळेच्या गुरुजींकडे जातो. “गुरुजी, हे काय आलंय बघा. भरून टाकू का?” शेजारी बसलेला पोक्त माणूस गुरुजींच्या आधीच उत्तर देतो, “भर आन् मोकळा हो. पाचशे रुपयांपायी कोण कोर्टात जातंय? शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये.”

ही म्हण खोटी नाही. बांधाच्या आणि वाटणीच्या भांडणांत घरेदारे विकली गेली, त्या अनुभवातून ती आली. पण दंडाच्या या प्रकरणात कोर्टाची पायरी फार पुढे आहे. तिच्या अलीकडे दोन पायऱ्या आहेत. त्यांतली एक फुकट आहे आणि दुसरीला दहा रुपये लागतात. त्या पायऱ्या न पाहताच आपण पैसे भरून टाकतो. त्या कशा चढाव्या, एवढेच आज सांगायचे आहे.

पहिली गोष्ट मनाशी पक्की धरा. चलान म्हणजे निकाल नव्हे. चलान म्हणजे आरोप. अमुक गाडीने अमुक नियम मोडला, असे पोलिसांचे म्हणणे त्यात असते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम २०० असे सांगते की, ठरावीक गुन्ह्यांत ठरलेली रक्कम भरून प्रकरण तिथेच मिटवता येते. याला तडजोड म्हणतात. म्हणजे आपण पाचशे रुपये भरतो तेव्हा काय करतो? आरोप मिटवून घेतो. मिटलेले प्रकरण पुन्हा उकरून “माझी चूक नव्हती” असे सांगायला मग जागा राहत नाही. पुष्कळ लोक आधी पैसे भरतात आणि नंतर तक्रारीला येतात. त्यांचे म्हणणे खरे असते, पण दार त्यांनी स्वतःच लावून घेतलेले असते.

आणि प्रश्न नुसत्या पाचशेचा नाही. याच कायद्याच्या कलम १७७ मध्ये पूर्वी पहिल्या गुन्ह्याला शंभर आणि पुढच्याला तीनशे रुपयांपर्यंत दंड होता. २०१९ च्या दुरुस्तीने तो पाचशे आणि दीड हजार झाला. देशात ही दुरुस्ती १ सप्टेंबर २०१९ पासून लागू झाली. महाराष्ट्रात वाढीव रकमा डिसेंबर २०२१ पासून घेऊ लागले. तेव्हा आज न केलेला गुन्हा पदरात घेतला, तर उद्या “हा दुसऱ्यांदा सापडला” म्हणून तिप्पट रक्कम मागितली जाऊ शकते. म्हातारी मेल्याचे दुःख नाही, काळ सोकावतो, असे आपण म्हणतो ते याचसाठी.

आता नव्या मुंबईची थोडी हकिकत ऐका, म्हणजे गाडी उभी करण्याचे भांडण तिथे इतके का, ते ध्यानात येईल. मुंबईवरचा भार हलका व्हावा म्हणून खाडीपलीकडे नवे शहर वसवायचे ठरले आणि त्यासाठी १९७० साली सिडको स्थापन झाली. ठाणे आणि कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड, जिल्ह्यातल्या गावांची भातखाचरे, मिठागरे यांवर हे शहर उभे राहिले. मुंबईतले शेतमालाचे घाऊक बाजार टप्प्याटप्प्याने तिकडे हलवले. १९९२ साली महापालिकेचा कारभार सुरू झाला. शहर आखीव खरे. पण आखणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे आगगाडीने आणि बसने जाणारा माणूस होता. छोट्या घराच्या दारात दोन दोन गाड्या उभ्या राहतील, हे तेव्हा कोणाच्या ध्यानीमनी नव्हते. पुढे वाशीच्या ट्रक टर्मिनलच्या जागेवरही सिडकोने घरांची योजना घेतली. गाड्या वाढल्या आणि जागा आटली. मग रस्त्याच्या एका बाजूला सम तारखेस, दुसऱ्या बाजूला विषम तारखेस गाडी लावावी, असे नियम आले. जागोजाग मनाईच्या पाट्या लागल्या. काही पाट्या झाडाच्या फांदीआड गेल्या, काहींचा रंग उडाला. तारखेची पाटी परगावच्या माणसाला पहाटेच्या अंधारात वाचता येत नाही. अन्यायाचा दंड बहुधा अशाच जागी होतो.

मनाई कोणी करायची आणि कशी करायची, हेही कायद्यात लिहिलेले आहे. कलम ११७ सांगते की, गाड्या कोठे उभ्या राहतील त्या जागा राज्य शासनाने किंवा शासनाने अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याने, तिथल्या स्थानिक संस्थेशी विचारविनिमय करून ठरवाव्या. कलम ११६ रस्त्यावर वाहतुकीच्या पाट्या उभारण्याचा अधिकार देते. शहरात यासाठी वाहतूक पोलीस अधिसूचना काढतात. तात्पर्य, एखाद्या दुकानदाराने आपल्या दुकानापुढे स्वतःच “गाडी लावू नये” असे रंगवून ठेवले, तर ती काही सरकारी मनाई होत नाही. मनाईच्या मागे अधिसूचना हवी, आणि ती लोकांना कळावी म्हणून रस्त्यावर पाटी हवी. तक्रारीचा कणा हाच.

पण मंडळी, एकच बाजू सांगून चालणार नाही. काही जागा अशा आहेत की तिथे पाटी असो वा नसो, गाडी लावायचीच नाही. पदपथ, पादचाऱ्यांचे पांढरे पट्टे, चौकाचा कोपरा, वळण, पूल, बसथांबा, दुसऱ्याच्या फाटकापुढची जागा आणि आधीच उभ्या असलेल्या गाडीची बाजू, ही ती ठिकाणे. तिथे गाडी लावली असेल तर “पाटी नव्हती” हे उत्तर नव्हे. पदपथ अडला की म्हातारी माणसे आणि शाळेची पोरे भर रस्त्यावर उतरतात. चौक अडला की रुग्णवाहिका अडते. तो दंड न्यायाचा आहे, तो मुकाट्याने भरावा. आपण बोलतो आहोत ते अन्यायाच्या दंडाविषयी.

आता चलान आले की काय करावे, ते क्रमाने पाहू.

सर्वांत आधी निरोप खरा की खोटा, याची खात्री करा. हल्ली भामटे चलानाच्या नावाने निरोप पाठवतात, सोबत एखादी फाईल जोडतात, आणि ती उघडली की बँकेतले पैसे जातात. निरोपातल्या दुव्यावर बोट लावू नका. महाराष्ट्र पोलिसांच्या वाहतूक चलानाच्या सरकारी संकेतस्थळावर किंवा ‘महाट्रॅफिक’ या अॅपवर स्वतः जाऊन गाडीचा क्रमांक घाला. चलान खरे असेल तर ते तिथे दिसेल. सरकारी संकेतस्थळाच्या पत्त्याच्या शेवटी ‘जीओव्ही डॉट इन’ ही अक्षरे असतात, ती नीट पाहून घ्या.

मग चलान वाचा. घाईने नको, गुरुजी जसे उत्तरपत्रिका तपासतात तसे वाचा. चलानाचा क्रमांक, तारीख, वेळ, जागा, कायद्याचे कलम आणि छायाचित्र, या सहा गोष्टी वहीत उतरवून घ्या. छायाचित्रात गाडी आपलीच आहे का? क्रमांकातला तीन आठसारखा वाचला गेला आहे का? रंग, हौदा, पुढच्या काचेवरचे नाव जुळते का? ज्या मनाईचा आरोप आहे ती पाटी छायाचित्रात कोठे दिसते का? जागेची ओळख पटते का, की नुसते चाक आणि डांबर दिसते? २०२५ च्या जुलैत राज्याच्या वाहतूक पोलीस मुख्यालयानेच परिपत्रक काढून बजावले होते की, चलानासाठी पोलिसांनी आपल्या खाजगी मोबाइलवर छायाचित्रे काढू नयेत. छायाचित्राची वेळ आणि चलानाची वेळ यांत फरक दिसला, तर तोही टिपून ठेवा.

तिसरे काम पुराव्याचे. गाडी दुसरीकडे होती, तर त्या दिवशीची फास्टॅगची नोंद, डिझेलची पावती, बाजाराच्या गेटावरची पावती, आडत्याची पट्टी हे सारे कागद बोलके असतात. कागदावरची वेळ साक्षीदारासारखी उभी राहते. जागेवर पाटी नसेल, तर चालकाने किंवा तिकडे राहणाऱ्या आपल्या माणसाने लवकरात लवकर त्या जागेची छायाचित्रे काढावी. एक दुरून काढावे, त्यात सारा रस्ता यावा. एक जवळून, त्यात खांब किंवा झाकलेली पाटी यावी. आठ दिवसांनी गेलात आणि तोवर नवी पाटी लागली, तर तुमच्या म्हणण्यातला जीव गेला.

आणि आपल्याच क्रमांकाची दुसरी गाडी कोणी फिरवत असेल, तर नुसत्या दंडावर थांबू नका. आपल्या पोलीस ठाण्यात लेखी खबर द्या. आज त्या गाडीने फक्त रस्ता अडवला आहे. उद्या तिने कोणाला उडवले तर पोलीस तुमचे दार ठोठावतील.

आता पहिली पायरी, ती फुकटची. त्याच संकेतस्थळावर किंवा अॅपवर चलानाविरुद्ध तक्रार नोंदवण्याची सोय आहे. तक्रार तिथे नोंदवा आणि तिचा क्रमांक लिहून ठेवा. मुदत चलानावर किंवा नोटिशीवर पाहावी. ती ओलांडू नये. सोबत लेखी अर्जही पाठवावा. अर्ज कसा लिहावा? अगदी साधा:

“प्रति, पोलीस उपायुक्त, वाहतूक शाखा, नवी मुंबई. विषय: चलान क्रमांक अमुक रद्द करण्याबाबत. महोदय, वरील चलानात माझी गाडी क्रमांक अमुक ही दिनांक अमुक रोजी, अमुक वाजता, अमुक ठिकाणी मनाईच्या जागी उभी असल्याचे म्हटले आहे. हा आरोप मला मान्य नाही. कारण, त्या ठिकाणी मनाईची पाटी नव्हती. छायाचित्रे दोन जोडली आहेत. सबब चलान रद्द करावे, ही विनंती. रद्द होत नसल्यास कारण लेखी कळवावे आणि प्रकरण न्यायालयापुढे ठेवावे. आपला विश्वासू.”

झाले! एवढाच अर्ज. त्यात संताप नको, कोणा शिपायाची निंदा नको, आपल्या गरिबीचे वर्णन नको. वाचणाऱ्याला एकच गोष्ट दिसू द्या की काय मान्य नाही आणि का मान्य नाही. अर्ज पोचदेय टपालाने पाठवा किंवा हाती देऊन पोच घ्या. पोच नसलेला अर्ज म्हणजे विहिरीत टाकलेला दगड; आवाज आला की संपले.

दुसरी पायरी दहा रुपयांची. २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्याखाली अर्ज करा आणि मागा: “अमुक रस्त्यावर गाडी उभी करण्यास मनाई करणाऱ्या अधिसूचनेची प्रत द्यावी, आणि तिथे पाटी कोणत्या तारखेस लावली त्या नोंदीची प्रत द्यावी.” महाराष्ट्रात या अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प चालतो. अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत असावा, असा आपल्या राज्याचा नियम आहे. उत्तर तीस दिवसांत यायला हवे; न आल्यास त्याच कार्यालयातल्या वरिष्ठाकडे अपील करता येते. कार्यालयाने “अशी नोंद नाही” असे लिहून दिले, तर तो कागद तुमच्या बाजूचा मोठा पुरावा झाला. आणि अधिसूचना निघाली होती, पाटीही लागली होती असे दिसले, तर समजुतीने दंड भरून टाका. सत्य कळले, हेही कमी नव्हे.

या दोन पायऱ्यांनी काम झाले नाही, तर मग न्यायालय. नव्या मुंबईचे न्यायालय बेलापूरला आहे. तिथे गुन्हा कबूल आहे का, असे विचारतात. कबूल नसेल तर “कबूल नाही” म्हणावे. मग आरोप शाबीत करण्याचे काम सरकार पक्षाचे असते. यंत्रातल्या छायाचित्राला पुराव्याचा दर्जा मिळायचा तर सोबत कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र लागते; १ जुलै २०२४ पासून ही तरतूद भारतीय साक्ष अधिनियमात आहे. दुसरे असे की, ज्या गुन्ह्याला केवळ दंडाचीच शिक्षा आहे, त्याची दखल घ्यायला न्यायालयाला सहा महिन्यांची मर्यादा आहे. उशिराला सबळ कारण असेल तर न्यायालय तो माफ करू शकते. पण तीन-चार वर्षांपूर्वीचे चलान अंगावर आले, तर ही मर्यादा न्यायालयापुढे जरूर मांडावी. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, अपंग व्यक्ती आणि ठरावीक मर्यादेखाली उत्पन्न असणारे यांना विधी सेवा समितीकडून मोफत वकील मिळू शकतो. समितीचे कार्यालय तालुक्याच्या न्यायालयातच असते.

लोकअदालतीविषयी मात्र एक सूचना. थकलेल्या चलानांसाठी लोकअदालतीची नोटीस येते आणि तिथे काही सूट मिळेल म्हणून लोक रांगा लावतात. चूक आपली असेल तर तो मार्ग सोपा आणि चांगला आहे. पण लोकअदालत म्हणजे समेट. दोन्ही बाजूंच्या संमतीचा निवाडा. १९८७ च्या कायद्याप्रमाणे त्या निवाड्यावर अपील नाही. आपण निर्दोष आहोत असे ज्याला म्हणायचे आहे, त्याने तिथे सही करण्यापूर्वी दोनदा विचार करावा.

आता कोणी म्हणेल, “एवढ्या खटाटोपापेक्षा चलानाकडे बघायचंच नाही!” हा मार्ग सर्वांत वाईट. चलान विसरल्याने मरत नाही. गाडी विकताना, नावावर करताना, आरटीओच्या कामात ते आडवे येते. न्यायाचा दंड असेल तर भरावा, अन्यायाचा असेल तर मुदतीत लढवावा. गप्प बसणे हा तिसरा मार्ग नव्हे.

असे भांडणारे लोक केवळ आपल्याकडेच आहेत, असे मानू नका. गाडी उभी करण्याचे पैसे घेणारा पहिला मीटर अमेरिकेत ओक्लाहोमा शहरात १९३५ साली लागला, आणि तेव्हापासून जगभर हा वाद चालू आहे. इंग्लंडात आज अशी रीत आहे की, नगरपालिकेच्या दंडाविरुद्ध आधी तिच्याकडेच म्हणणे मांडायचे. तिने फेटाळले तर स्वतंत्र निवाडा करणाऱ्यापुढे जायचे. त्याला शुल्क पडत नाही आणि पुष्कळदा प्रकरण घरबसल्या चालते. पण तिथेही दंड भरला की प्रकरण संपले असेच धरतात. लवकर भरणाऱ्याला निम्मी सूट असते, तिच्या मोहाने तिथलेही लोक न केलेली चूक मान्य करून बसतात. माणूस इथूनतिथून सारखाच!

शेवटी शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. गावात मोबाइल घरोघर आहे, पण चलानातली बारीक अक्षरे वाचून अर्थ सांगणारा माणूस अजूनही शाळेतच सापडतो. वरच्या वर्गांत अर्जलेखन शिकवता ना? मग “सहलीस परवानगी मिळण्याबाबत” या अर्जाबरोबर एकदा “चलान रद्द करण्याबाबत” हाही अर्ज मुलांकडून लिहून घ्या. तारीख, वेळ, जागा, कारण आणि जोडलेले कागद, एवढे नेमके मांडायला मूल शिकले, तर ते उद्या पीकविम्याच्या, वीजबिलाच्या, सातबाऱ्यावरच्या चुकीच्या नोंदीच्या अर्जातही अडणार नाही. आणि तेच मूल घरी बापाला सांगेल, “दादा, थांबा. भरू नका अजून. आधी फोटोत पाटी दिसते का ते बघू.”

पोलिसाशी हुज्जत घालून दंड टळत नाही आणि टळूही नये. पण मान्य नसलेला आरोप नम्रपणे, लेखी आणि वेळेत नाकारणे ही हुज्जत नव्हे. कायद्याने दिलेला तो आपला हक्क आहे. आणि असे चार अर्ज गेले की झाडाआडची पाटीही मोकळी होते. मग तिथे पुढे येणाऱ्या दुसऱ्या गावच्या टेंपोवाल्याला फुकाचा भुर्दंड पडत नाही.

नमस्कार.